गव्हावर आलेला आळ

2024 च्या डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात माणसांचे केस जाऊ लागले. कंगव्यात चार जास्त आले, असं नव्हे. डोकं खाजायचं आणि तीन-चार दिवसांत हात फिरवला की झुपकाच हातात यायचा. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावं रोज बातम्यांत येऊ लागली. भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणून आधी संशय पाण्यावर गेला, मग शाम्पूवर, मग बुरशीवर. काहींनी सरळ डोकं तासून घेतलं, मुलींचं कॉलेज सुटलं, ठरलेली लग्नं पुढे गेली. डिसेंबर-जानेवारीत 18 गावांतल्या 279 जणांची नोंद झाली होती.

पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. विंचूदंशावरच्या कामामुळे देशभर माहीत असलेले हे डॉक्टर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. त्यांच्या तपासणीत पंजाबातून आलेल्या त्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण स्थानिक गव्हाच्या सुमारे 600 पट निघालं. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी कणभर. मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला 400 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. फार झालं की केस आणि नखं जातात, ही त्या विषबाधेची जुनी ओळख आहे. पंजाबात नवांशहर-होशियारपूर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हेही मातीच्या अभ्यासकांना आधीपासून माहीत होतं.

आता या सगळ्यातून “गव्हानं केस जातात” एवढंच उचललं, आणि त्याला मोबाइलवरच्या ‘ग्लूटेन सोडा’ या सल्ल्याची जोड दिली, तर गणित चुकतं. ग्लूटेन बोंडगावच्या गव्हात होतं तसं परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या मोंढ्यातल्या गव्हातही आहे. ते गव्हातलं प्रथिन. कणीक मळल्यावर ताणली जाते ती त्याच्यामुळे. शेगावच्या तपासात दोषी म्हणून नाव आलं ते सेलेनियमचं, ग्लूटेनचं नाही.

घरोघरी जे केस गळतात त्याची कारणं बहुधा साधी असतात. बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू किंवा मोठा ताप झाला की दोन-तीन महिन्यांनी केस भसाभस गळतात आणि बहुतेकांचे सहा-आठ महिन्यांत परत येतात. बायकांत रक्त कमी असणं आणि थायरॉइड ही आणखी दोन कारणं. गोल चकती पडली तर ती चाई असण्याची शक्यता जास्त. तिच्यावर उपचार आहेत, पोळी सोडणं हा त्यातला नव्हे.

“ग्लूटेन बंद केलं की चेहरा उजळतो.” नाही. मुरुमांचा आहाराशी थोडा संबंध दिसतो, पण तो साखर, मैदा असं रक्तातली साखर झटकन वाढवणारं खाणं आणि काही जणांत दूध यांच्याशी. पोळी सोडून कुणी बिस्किटं, फरसाण आणि गोड चहाही सोडला असेल, तर चेहरा सुधारल्याचं श्रेय ग्लूटेनला देता येत नाही. वांग ऊन, गरोदरपण आणि हार्मोन यांमुळे येतो. कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच रंगपेशींवर केलेला हल्ला आहे. मासे-दूध एकत्र खाल्ल्याने तो होत नाही आणि गहू सोडल्याने जातो असा पुरावा नाही. तो शिवल्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही, हे लग्न जमवताना मधे बोलणाऱ्या काकू-मावश्यांना कुणीतरी सांगायला हवं. पांढरट चट्टा बधिर असेल, तिथे टोचलेलं कळत नसेल, तर मात्र वाट न बघता सरकारी दवाखाना गाठावा. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषध तिथे फुकट आहे आणि वेळेत घेतलं तर रोग पूर्ण बरा होतो.

उगाच पोळी सोडण्यापेक्षा मोठं नुकसान मेडिकलवरून आणलेली ‘गोरं करणारी’ ट्यूब करते. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा आरशासारखा दिसतो, मग कातडी पातळ होते, लाली येते, लव वाढते, आणि ट्यूब थांबवली की आग होते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून 2018 मध्ये केंद्र सरकारने नियम कडक केले. नियम काऊंटरपर्यंत किती पोहोचला, हे ज्याने-त्याने आठवून बघावं.

ग्लूटेनचा खरा आजार आहे, त्याचं नाव सीलिअॅक. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हॉलंडमध्ये उपासमार झाली, गव्हाचा पाव मिळेना, आणि विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालची काही आजारी मुलं त्या उपासमारीतच सुधारली. पाव परतला तशी ती पुन्हा खालावली. त्यातून गव्हाशी असलेलं नातं पक्कं झालं. या आजारात गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. भारतात तो उत्तरेकडे साधारण शंभरात एकाला, दक्षिणेकडे त्याच्या कितीतरी कमी आढळला आहे. जुलाब असतीलच असं नाही. गोळ्या घेऊनही रक्त न वाढणं, मुलाची उंची खुंटणं, तोंड सारखं येणं, एवढ्यावरही तो लपून राहतो. त्याचं एक रूप थेट कातडीवर दिसतं. कोपर, गुडघे, ढुंगण यांवर दोन्ही बाजूंना सारखे, बारीक पाण्याचे फोड येतात आणि खाज झोपू देत नाही. लोक त्याला खरूज किंवा इसब समजून वर्षानुवर्षं मलम चोळतात. त्यावर गहू बंद करण्याबरोबर डॅप्सोन देतात. तीच गोळी कुष्ठरोगातही वापरतात, तेव्हा चिठ्ठीवर नाव वाचून धास्ती घेऊ नये.

“महिनाभर सोडून बघू, जातंय काय?” तपासणी जाते. सीलिअॅकची रक्तचाचणी, टीटीजी नावाची, आतड्यावर गव्हाचा परिणाम चालू असतानाच खरं बोलते. काही आठवडे गहू बंद ठेवून मग रक्त दिलं तर आजार असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. मग डॉक्टर म्हणतात, पुन्हा रोज पोळी खा आणि काही आठवड्यांनी या. ज्याला फोड किंवा जुलाब आहेत त्याला हे किती नकोसं होतं! म्हणून क्रम असा: पोळी चालू, रक्त आधी, गरज पडली तर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा, आणि निदान झालं तर पथ्य. ते मात्र जन्मभराचं. सणावाराची सूट नाही, पुरणपोळीचीही नाही. घरात एकाला निघालं तर सख्ख्या भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्यावी.

“आपली भाकरी आहेच, मग पथ्य झालंच की.” अर्धं बरोबर. परभणी जिल्ह्याइतकं हे पथ्य सोपं फार थोड्या ठिकाणी असेल. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, भगर, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी यांत ग्लूटेन नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ही 2018 ची ज्वारी तर लोह आणि जस्त जास्त असलेली आहे. शहरातल्या दुकानांत ‘ग्लूटेन फ्री’ छापलेली महागडी बिस्किटं मिळतात, त्यांत बऱ्याचदा साखर, तेल आणि स्टार्चच असतो. त्यापेक्षा भाकरी-पिठलं केव्हाही सरस. अडचण एवढीच की रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळच येतो, ज्वारी बहुधा विकत घ्यावी लागते.

उरलेलं अर्धं गिरणीत अडतं. गव्हामागून ज्वारी टाकली की जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ पहिल्या पायलीत उतरतं. कायद्याने ‘ग्लूटेन फ्री’ म्हणायला किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. जात्यात उरलेल्या मूठभर पिठाने ती सहज ओलांडली जाते. नुसतं ‘सोडून बघू’ म्हणणाऱ्याला याने काही होत नाही, सीलिअॅकच्या रुग्णाला होतं. त्याने घरघंटी फक्त बिनगव्हाच्या धान्याला ठेवावी, किंवा दुकानातून ग्लूटेन नसल्याची हमी छापलेलं पीठ आणावं. परात, पोळपाट, चाळणी वेगळी. भाकरी थापताना खाली गव्हाचं पीठ भुरभुरवू नये. रवा, दलिया, शेवया गव्हाच्याच, हे कळतं. कळत नाही ते हिंगाचं: बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, आणि फोडणी तर भाजी-वरणात रोजची. डबीमागचा मजकूर वाचावा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो.