मुकादमी मिळाली, आता माणसे सांभाळा

आपल्या माणसाला मुकादमी मिळाली की वस्तीत पेढे वाटले जातात. वाटलेच पाहिजेत. ही पायरी आपल्याला सहजासहजी मिळालेली नाही. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी हेच दुखणे मांडले. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो. हमालाची नोकरीही त्याला क्वचितच मिळते, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो.

आज आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या कोळसा खाणींत, जिनिंग-प्रेसिंगमध्ये, रोजगार हमीच्या कामावर आपले भाऊ-बहिणी दहा-वीस जणांवर देखरेख करताना दिसतात. पण पद मिळणे वेगळे आणि माणसे सांभाळणे वेगळे.

आमच्या ओळखीच्या एका ताईला एका जिनिंगमध्ये बायांच्या टोळीवर नेमले. काल बरोबरीने कापूस उचलणारी बाई आज हुकूम सोडणार, हे बायांना रुचेना. ताईनेही आपला वचक बसावा म्हणून आवाज चढवला. चार दिवसांत टोळी फुगून बसली आणि काम मागे पडले. वरून मॅनेजरची बोलणी ताईलाच खावी लागली.

पाचव्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी ती बायांजवळ जाऊन बसली आणि विचारले, "अडचण काय आहे?" एक म्हातारी म्हणाली, "ताई, पानी प्याले पार गेटापाशी जा लागते. येता-जाता येळ जाते, अन् वरून तू वरडते." ताईने तेच कागदावर लिहून मॅनेजरला दिले. दोन दिवसांत पाण्याचा रांजण कामाजवळ आला. पुढे एकदा तिच्या हातून एका बाईची हजेरी लिहायची राहिली. तिने सर्वांसमोर चूक कबूल केली आणि दुरुस्त करून घेतली. त्या दिवसापासून टोळी तिची झाली.

यातून आपण काय घ्यावे? पहिले, काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. बाबासाहेब मजूर मंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. दुसरे, चूक सांगायची तर बाजूला घेऊन सांगावी, शाबासकी मात्र चारचौघांत द्यावी. तिसरे, हजेरी रोजच्या रोज आणि ज्याची त्याच्यासमोर लिहावी. मजुराची चूल त्याच वहीवर पेटते. चौथे, नात्यागोत्याला हलके काम आणि दुसऱ्याला जड, असे करू नये. जातीचा भेदभाव आपण सोसला आहे, आपल्या हातून तो कोणावरही होता कामा नये. पाचवे, चालू यंत्राजवळ मोकळा पदर किंवा सुटे केस दिसले तर काम थांबवावे. गठाण उशिरा बांधता येते, गेलेला हात परत येत नाही.

कायद्याचीही माहिती हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे वीस किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगात तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समान संख्येने असतात. २०१३ च्या कायद्याने, दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवी आणि तिची अध्यक्ष स्त्रीच असते. त्याहून लहान ठिकाणच्या बायांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. आपल्या टोळीला हे सांगणे मुकादमाचेच काम आहे.

शेवटी एक गोष्ट घरच्यांसाठी. मुकादम झालेली बाई संध्याकाळी थकून येते तेव्हा चूल, पाणी आणि पोरांचा अभ्यास पुन्हा तिच्याच वाट्याला टाकू नका. तिला हजेरीची वही नीट लिहिता यावी म्हणून शाळेत जाणाऱ्या पोराने रोज अर्धा तास तिच्याजवळ बसावे. आणि तिने आपल्या टोळीतल्या आणखी एकीला ती वही लिहायला शिकवावी. मनमाडला ज्या पायरीसाठी आवाज उठला, तिच्यावर एकट्याने बसून राहायचे नाही, मागच्याला हात देऊन वर घ्यायचे आहे.