फ्रीजची पाठ

रमजानच्या नवव्या रोज्याची संध्याकाळ. इफ्तारला दहा मिनिटं होती. सरबताचा जग काढायला फ्रीज उघडला, तर गार हवेची नेहमीची झुळूक आलीच नाही. सरबत कोमट, दही आंबटढाण आणि बर्फाच्या ट्रेमध्ये नुसतं पाणी. मुलं हिरमुसली. माझं लक्ष मात्र मधल्या खणातल्या एका छोट्या खोक्याकडे गेलं. त्यात अम्मीचं इन्सुलिन होतं.

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. जास्त तापलं तर त्याची ताकद कमी होते, गोठलं तर ते फेकूनच द्यावं लागतं. बाटली बघून मात्र हे नेहमी कळतंच असं नाही. मी ते खोकं घेऊन समोरच्या काकूंचं दार वाजवलं. त्यांनी काही न विचारता ते आपल्या फ्रीजमध्ये ठेवलं आणि माझ्या हातात बर्फाचा भरलेला ट्रे दिला. म्हणाल्या, "आधी रोजा सोडा, मग बघू फ्रीजचं."

मिस्त्रीला फोन केला. "सर, उद्या येतो. ऊन वाढलं की सगळ्यांचे फ्रीज एकदमच आजारी पडतात." रात्रभर मी मनातल्या मनात हिशेब करत होतो. गॅस गेला असेल, नाहीतर कॉम्प्रेसर. म्हणजे मुलांच्या ईदच्या कपड्यांचे पैसे गेलेच.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने फ्रीजच्या आत डोकावलंही नाही. मागे हात घातला आणि विचारलं, "सर, हा शेवटचा कधी पुढे ओढला होता?" मी आठवू लागलो. या घरात आलो तेव्हा ठेवला होता, त्याला चार वर्षं झाली. त्याने प्लग काढला, फ्रीज पुढे ओढला. मागच्या काळ्या जाळीवर राखाडी धुळीचा जाड थर बसला होता. फोडणीच्या वाफेने तो चिकट झाला होता. भिंतीच्या फटीत आम्हीच कोंबलेल्या कॅरीबॅगा होत्या, खाली मुलाचा हरवलेला चेंडू होता. मिस्त्री म्हणाला, "मार्च महिन्यात तुम्ही गोधडी पांघरून झोपाल का, सर? याला मात्र पांघरलीत."

ब्रश मारायला वीस मिनिटं लागली. रात्री ट्रेमध्ये बर्फ धरला होता. त्याने फक्त येण्याजाण्याचे पैसे घेतले.

मी साहित्य शिकवणारा माणूस. मागची धूळ काढल्यावर आतलं दही गार कसं होतं, हे मला उमगेना. स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, फ्रीज थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतल्या नळ्यांमध्ये गॅसचं द्रवरूप उकळतं आणि उकळताना अन्नातली उष्णता शोषून घेतं. कॉम्प्रेसर तो गॅस दाबून मागच्या जाळीत ढकलतो. दाबल्यामुळे गॅस चांगलाच तापलेला असतो. जाळीच्या नळ्यांमधून फिरताना तो ती उष्णता खोलीतल्या हवेला देतो, पुन्हा द्रव होतो आणि परत आत जातो. हे चक्र दिवसरात्र चालू असतं.

आता जाळीवर धूळ बसली की उष्णता बाहेर पडायची वाट अडते. मग कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, वीज जास्त खातो आणि तरी आत पुरेसं गार होत नाही. फारच तापला तर जळू नये म्हणून आपोआप बंद पडतो, निवला की पुन्हा सुरू होतो. आमच्याकडे हेच चाललं होतं. त्यात रमजानची भर. सहेरीला आणि इफ्तारला दार सारखं उघडतं, खण गच्च भरलेले असतात आणि कधी घाईत गरम पातेलंही आत जातं. ही सगळी उष्णता त्या बिचाऱ्या जाळीलाच बाहेर टाकावी लागते.

वर्षातून दोनदा हे काम घरच्या घरी करता येतं. एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर आणि एकदा दिवाळीच्या सफाईत. अर्धा तास पुरतो. पहिली गोष्ट, प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग फ्रीज सरळ उभाच ठेवून दोघांनी हळूच पुढे ओढायचा. लांब केसांचा मऊ ब्रश घेऊन वरून खाली जाळी झाडायची. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचं अरुंद तोंड लावावं. तेलकट थर असेल तर किंचित ओलसर फडक्याने पुसून कोरडं करावं. पाणी ओतायचं नाही, कारण खाली कॉम्प्रेसरपाशी विजेच्या जोडण्या असतात. तारेची घासणी किंवा स्क्रूड्रायव्हर तर मुळीच लावू नये. नळीला भोक पडलं की गॅस जातो. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये भरलेला गॅस पेट घेणारा असतो, हेही लक्षात ठेवावं. फ्रीज जागेवर नेताना मागे अर्धी वीत जागा सोडावी. प्लग काढल्यावर लगेच पुन्हा लावू नये, पाच-दहा मिनिटं थांबावं. तेवढ्यात आतला दाब समान होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येत नाही.

तुमच्या फ्रीजच्या मागे जाळी दिसत नसेल तर गोंधळू नका. नव्या फ्रीजमध्ये या नळ्या बहुधा बाजूच्या पत्र्याआड असतात, म्हणूनच त्या बाजू हाताला गरम लागतात. तिथे झाडण्यासारखं काही नसतं. फक्त दोन्ही बाजूंना मोकळी हवा हवी, कपाटाला खेटून ठेवलेला फ्रीज घुसमटतो.

मागे गेलातच तर आणखी एक गोष्ट बघा. अनेक फ्रीजमध्ये कॉम्प्रेसरच्या वर पाणी साठणारा एक ट्रे असतो. डेंग्यूचे डास अशा स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतात. पालिकेचे कर्मचारी कूलर आणि कुंड्यांबरोबर हा ट्रेही तपासतात, तो उगाच नाही. आठवड्यातून एकदा तो रिकामा करून घासून कोरडा करावा. दाराचं रबरही पुसून घ्यावं. दारात कागदाची नोट धरून दार लावा. नोट सहज सरकून बाहेर आली तर रबर सैल झालंय, गार हवा तिथूनच पळते. वरच्या खणात बर्फाचा थर जाड झाला असेल तर फ्रीज बंद करून वितळू द्यावा, सुरीने खरवडू नये. घाईत सुरी चालवून नळी फोडल्यावर फोन करणारी गिऱ्हाइकं मिस्त्रीला दर उन्हाळ्यात भेटतात.

एवढं करूनही दुसऱ्या दिवसापर्यंत गारवा आला नाही किंवा कॉम्प्रेसर ठकठक आवाज करून बंद पडत राहिला, तर मात्र मिस्त्रीच बोलवावा. गॅस आणि वीज हा आपला प्रांत नाही.

दिवाळीला आपण फराळाचे डबे लख्ख घासतो, रमजानआधी पडदे धुतो, भिंतींना रंग देतो. फ्रीजचं दारही चकचकीत पुसतो, कारण ते पाहुण्यांना दिसतं. पाठ मात्र कुणाच्याच सणात पुसली जात नाही, आणि खरं काम तीच करते.

काकूंचा ट्रे परत द्यायचा होता. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, अशी अम्मीची शिस्त. म्हणून आमच्याच फ्रीजमध्ये बर्फ धरवून ट्रे भरून नेला आणि सोबत ब्रशही घेतला. काकूंनी आधी "कशाला, माझा चांगला चालतोय" म्हणून पाहिलं. फ्रीज पुढे ओढला तेव्हा मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत, पदर खोचून फडकं आणायला गेल्या.

चांदरातीला आमच्याकडे शिरखुर्म्यासाठी दहा लिटर दूध येईल. आमच्या फ्रीजमध्ये मावलं नाही तर उरलेलं त्यांच्या फ्रीजमध्ये राहील. दोन्ही फ्रीजची पाठ आता मोकळी आहे.