कवितांचा सातबारा

आमच्या कामोठ्यात सातबारा हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, पुढे इथल्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. पण कुठली जमीन कुणाची, हे त्या उताऱ्यावरूनच ठरत आले. माझ्या कवितांचा असा उतारा मात्र माझ्याजवळ नव्हता.

बरीच वर्षे मी फेसबुकवर कविता लिहीत आलो. मागे एक जिवलग मित्र वारला. माझ्या कोणत्या गझलेवर त्याने काय लिहिले होते, ते पुन्हा वाचावेसे वाटले. शोधताना समजले की, घरच्यांनी त्याचे खाते कायमचे काढून टाकले, तर त्याचे अभिप्रायही जातील. संकेतस्थळ तरी कुठे कायमचे असते? २००४ साली सुरू झालेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये मिटले.

आपले लेखन उतरवून घेण्याची सोय फेसबुकने २०१० पासून दिली आहे. वाचायला एचटीएमएल फाइल बरी, संगणकाला पुरवायला जेसन. या जेसन फाइलीत मराठी मजकूर विचित्र चिन्हांसारखा दिसतो. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह संगणक तीन तुकड्यांत साठवतो आणि इथे ते तुकडे सुटे लिहिलेले असतात. घाबरू नये. ते पुन्हा जोडले की मराठी जशीच्या तशी परत येते.

पण नुसते गाठोडे म्हणजे दप्तर नव्हे. सातबारा जमिनीचा, तर आठ-अ खातेदाराचा. खाते क्रमांकाने दोन्ही जुळतात. इंग्लंडमध्ये जन्मलेले एडगर कॉड आयबीएममध्ये होते. त्यांनी जून १९७० मध्ये संगणकातील माहितीसाठी अशीच रीत मांडली. तिलाच रिलेशनल डेटाबेस म्हणतात. आम्ही तीन तक्ते केले: कविता, माणसे, अभिप्राय. अभिप्रायाच्या ओळीत कविता पुन्हा लिहायची नाही, माणसाचे नावही नाही. फक्त दोघांचे क्रमांक आणि तारीख. त्यासाठी एसक्यूलाइट हे साधन फुकट मिळते आणि सगळे दप्तर एकाच फाइलीत मावते.

शेजारच्या इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलाने दोन रविवार खर्चून हे जमवले. तरी मित्राचे अभिप्राय त्यात नव्हते! उतरवून घेतलेल्या फाइलीत आपले लेखन येते, आपल्या लेखनावर इतरांनी लिहिलेले सहसा येत नाही. मग मी एकेक कविता उघडून त्याचे शब्द पडद्यावरून हाताने टिपले आणि तिसऱ्या तक्त्यात भरले.

आता त्याचा क्रमांक दिला की त्याचे सगळे अभिप्राय, ज्या गझलांवर होते त्या गझलांसह, तारखेच्या क्रमाने समोर येतात. या फाइलीची एक प्रत पेनड्राइव्हवर आहे, दुसरी मुलीच्या घरी. आपल्याही गेलेल्या माणसांचे शब्द असे कुठे पडून असतील, तर आजच उतरवून घ्या.