वक्फचा गाळा आणि गावचे काम

पाणचक्कीतल्या वक्फ मंडळाकडून गावोगावी पैसा वाटला जातो, असा आपल्या पुष्कळ व्यापारी बांधवांचा समज आहे. प्रत्यक्षात पैसा बहुधा गावातच उभा राहतो. दर्ग्याची शेती, मशिदीचे गाळे यांचे उत्पन्न मुतवल्लीकडे येते आणि वाकिफने लिहून ठेवलेल्या कामी लागते: इमामाचा पगार, मदरसा, मुसाफिरांचे जेवण. खुद्द पाणचक्कीचे पीठही अठराव्या शतकात दर्ग्यातील फकीर आणि तालिबे-इल्म यांच्यासाठी दळले जाई.

वक्फचे निव्वळ वार्षिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या खाली नसेल, तर मंडळाला वर्गणी द्यावी लागते. १९९५ च्या कायद्यात ती ७ टक्क्यांपर्यंत होती, २०२५ च्या दुरुस्तीने ५ टक्क्यांपर्यंत आली. म्हणजे गावच्या कामाला थोडे अधिक उरेल. पण मुळात भाडेच आजोबांच्या काळचे असेल तर उरणार काय? आमच्यापैकी कित्येक जण वक्फच्या गाळ्यात बसून जुनेच भाडे देतात आणि चंद्याची पावती मात्र मोठी फाडतात. चंदा खुशीचा, भाडे हे देणे आहे, ते आधी.

पट्ट्याची मुदत संपली असल्यास मुतवल्लीकडे आपण होऊन जावे. ३० वर्षांवरचा पट्टा कायद्याने रद्दबातल ठरतो, शेतजमिनीचा ३ वर्षांवरचा. नवा पट्टा लेखी घ्यावा आणि भाड्याची पावती दर वेळी मागून घ्यावी.