पॅनमनचं ‘थोडं’ आणि ‘बरंच’

चाळीसगाव तालुक्यात भोरसला बेलगंगा साखर कारखाना आहे. कारखाना म्हटलं की चर्चा गाळपाची आणि उसाच्या भावाची. प्रत्यक्ष दाणा घडवतो तो पॅनमन, आणि त्याचं काम फार अवघड असतं.

व्हॅक्यूम पॅनमध्ये दाब कमी असल्याने पाक साठ-सत्तर अंशांवरच उकळतो. पाणी उडतं, पाक घट्ट होतो, सोडलेल्या बारीक दाण्यांवर साखर चढू लागते. पाक पातळ राहिला तर दाणा विरघळतो; फार घट्ट झाला तर नको असलेला बारीक दाणा एकदम धरतो आणि पुढे मळी नीट सुटत नाही. वाफ दुप्पट दिली म्हणून दाणा दुप्पट वेगाने वाढत नाही. त्यात उसाची प्रत रोज वेगळी, त्यामुळे एकच पक्कं समीकरण लावून भागत नाही. पॅनमन नमुना काढतो, काचेवर पसरून उजेडाला धरतो, चिमटीत ताणून बघतो आणि सांगतो, “जरा घट्ट झालंय, पाक सोडा.”

हे ‘जरा’ यंत्राला शिकवण्याची सोय फझी लॉजिकमध्ये आहे. बर्कलीच्या लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये त्याचा पाया घातला. सत्तरच्या दशकात लंडनमध्ये इब्राहिम ममदानी आणि त्यांचे विद्यार्थी असिलियन यांनी शब्दांतल्या नियमांवर छोटं वाफेचं इंजिन चालवून दाखवलं. पुढे डेन्मार्कमध्ये सिमेंटच्या भट्ट्याही भट्टी सांभाळणाऱ्यांच्या नियमांवर चालू लागल्या.

आता पॅनकडे येऊ. फझी लॉजिकमध्ये पाक एकाच वेळी काही अंशी ‘योग्य’ आणि काही अंशी ‘घट्ट’ असू शकतो. समजा, तो ०.७ इतका ‘योग्य’ आणि ०.३ इतका ‘घट्ट’ आहे. नियम दोन: योग्य असेल तर पाकाचा व्हॉल्व्ह २० टक्के उघडा, घट्ट असेल तर ६० टक्के. दोन्ही नियम आपापल्या वजनाने लागू होतात: १४ अधिक १८, म्हणजे व्हॉल्व्ह ३२ टक्के. घट्टपणा बदलेल तसा हा आकडा सरकतो, व्हॉल्व्हला हिसका बसत नाही.

‘घट्ट’ कुठे सुरू होतं, हे मात्र संगणकाला आपण होऊन कळत नाही. ते पॅनमनच्या बोटांना ठाऊक असतं. मला यातलं खरं विज्ञान तिथेच दिसतं. म्हणून जुने पॅनमन निवृत्त होण्याआधी एखाद्या अभियंत्याने हंगामभर त्यांच्या शेजारी उभं राहून त्यांचे नियम त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायला हवेत.