कढईतील तेल, टेम्पोच्या टाकीत

ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलने लिटरला १०० रुपयांचा आकडा ओलांडला, त्याच सुमारास माझा भाचा हिशेबाची वही घेऊन माझ्याकडे आला. सांगलीजवळ त्याची फरसाणाची भट्टी आहे. “मामा, कढईतून रोज दहा-बारा लिटर तेल बाद होते. तेच टेम्पोत घातले तर?”

कर्जप्रस्ताव तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, तो माणूस अशा वेळी उलट प्रश्न करतो. मी विचारले, “सध्या त्या तेलाचे काय होते?” भाचा थोडा घुटमळला. एक मनुष्य डबे घेऊन येतो, रोख पैसे मोजतो आणि तेल नेतो. कोठे नेतो, हे कोणी विचारले नव्हते. दोन दिवसांनी भाच्याने चौकशी केली. ते तेल भजी-वड्यांच्या गाड्यांवर पुन्हा कढईत पडत होते. आमची ताई, म्हणजे त्याची आई, त्या दिवशी जेवली नाही.

हा प्रश्न केवळ मनाच्या टोचणीचा नव्हता. वारंवार तापविलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे वाढत जातात. त्यांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक झाले की ते तेल खाण्यास वापरता येत नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. तळणासाठी दिवसाला ५० लिटरांहून अधिक तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवावी, असा दंडक २०१९ साली आला. भाचा या मर्यादेत येत होता. नोंदवही मात्र कोरी होती.

आता टेम्पोकडे वळू. वनस्पती तेलावर डिझेल इंजिन चालविण्याची कल्पना मुळीच नवी नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविले होते. अडचण आहे ती तेलाच्या दाटपणाची. सामान्य तापमानाला ते डिझेलच्या दहापट किंवा त्याहूनही दाट असते. नोझलमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही, ते अर्धवट जळते आणि नोझलच्या तोंडाशी कोळसा साचतो. सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापविल्यावर ते पुष्कळ पातळ होते.

भाच्याचा टेम्पो जुना, पण या कामास अनुकूल होता. नवलमल फिरोदिया यांनी उभारलेल्या बजाज टेम्पो कंपनीने मर्सिडीजचे ओएम ६१६ हे इंजिन परवान्याने आपल्या गाड्यांत वर्षानुवर्षे बसविले. त्यात इंधन आधी एका लहान पूर्वकक्षात पेटते व पंप संपूर्ण यांत्रिक असतो. याच जातीच्या जुन्या मर्सिडीज मोटारी परदेशांतील हौशी लोकांनी खानावळीच्या तेलावर चालविल्या. आजच्या कॉमन रेल इंजिनात हा प्रयोग करणे म्हणजे मुद्दल बुडविणे होय.

मिस्त्रीने दुसरी टाकी बसविली, रेडिएटरचे गरम पाणी तिच्यातून फिरविले, वेगळा फिल्टर आणि दोन्ही टाक्यांमध्ये फिरणारा कॉक जोडला. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिन तापले की तेलावर घ्यायची आणि थांबण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा डिझेलवर आणून नळ्या धुऊन काढायच्या. तेल पिंपात पंधरा दिवस निवळत ठेवावे लागे. मग गाळणे. तव्यावर थेंब टाकला की तो तडतडला तर पाणी शिल्लक आहे असे समजावे. ही परीक्षा ताईला कोणी शिकवावी लागली नाही!

तेल कमी पडू लागले तेव्हा भाच्याने हॉटेलांतून आणण्याचा विचार केला. ताईने एका वाक्यात नकार दिला: “त्यात काय काय तळले असेल, ते माझ्या गोदामात नको.”

माझ्या वहीत मात्र दुसरीच खोट दिसत होती. टेम्पोचे काम सांगली, मिरज, जयसिंगपूर. दर दुकानापाशी थांबणे. इंजिन पुरते तापेपर्यंत गाडी थांबे. त्यामुळे निम्मा प्रवास डिझेलवरच होई. लांब पल्ल्याच्या मालमोटारीला जी सोय लाभते, ती या फेरीला लाभत नव्हती. गाळ, फिल्टर, माणसाचे तास आणि डबेवाल्याकडून येणारी बुडालेली रक्कम वजा करता बचत भाच्याच्या अंदाजाच्या तिसऱ्या हिश्श्यावर आली.

डिसेंबरातील एका रात्री घाईत कॉक फिरवायचा राहिला. पहाटेच्या गारठ्यात पामोलिनला कणी धरली आणि पंप अडकला. बॅटरी उतरली, गाडी ओढून न्यावी लागली. पंप-नोझलच्या दुरुस्तीत तीन महिन्यांची बचत गेली. इंजिन ऑइल काढले तर तेही दाट झालेले; न जळालेले तेल रिंगांवरून खाली उतरले होते. हे वेळीच दिसले नसते तर इंजिनच गेले असते.

एक गोष्ट मी आधीच बजावायला हवी होती, ती चूक माझी. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. उद्या अपघात झाला असता तर विमा कंपनीने प्रथम ती दुसरी टाकीच पाहिली असती. आयुष्यभर दुसऱ्यांची कागदपत्रे तपासली आणि घरचे कागद पाहिले नाहीत.

टाकी उतरविली. आता वापरलेले तेल अधिकृत संकलकाकडे जाते. तेथून ते कारखान्यात मिथेनॉल आणि कॉस्टिकच्या प्रक्रियेने बायोडिझेल होते व ग्लिसरीन वेगळे निघते. बायोडिझेल मुळात पातळ असल्याने दुसऱ्या टाकीचे कामच उरत नाही. भाव डबेवाल्यापेक्षा कमी मिळतो, पण पावती मिळते.

डबेवाला मध्यंतरी पुन्हा आला होता. लिटरला चार रुपये वाढवून देतो म्हणाला. भाचा गल्ल्यावर नव्हता. ताईने त्याला पाणी दिले, आणि रिकामे डबे घेऊन तो परत गेला.