जुन्या घराच्या भिंती आणि नागपुरी ऊन

नागपुरांत भूकंपाची गोष्ट काढली कीं ऐकणारा बहुधा हंसतो. येथें माणसास ऊन मारतें, भूकंप नव्हे, असें तो म्हणतो. आणि २३ मे २०१३ रोजीं पारा ४७.९ अंशांवर गेला होता, त्याची आठवण देतो. त्याचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. २००२ सालीं सुधारलेल्या सरकारी नकाशांत नागपूर दुसऱ्या, म्हणजे त्यांतील सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत दाखविलें होतें. परंतु नकाशाच्या भरंवशावर किती निर्धास्त निजावें, हा प्रश्न किल्लारीनें महाराष्ट्रास एकदां विचारून ठेवला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपतीचें विसर्जन करून लोक झोंपले असतां, पहांटे चारच्या सुमारास लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें कोसळलीं आणि आठ ते दहा हजार माणसें दगावलीं. तो मुलूखही तेव्हांच्या नकाशांत सर्वांत सुरक्षित म्हणूनच रंगविलेला होता.

आमच्या उत्तरेस सातपुडा आहे आणि त्यापलीकडे नर्मदेचें खोरें. १४ मार्च १९३८ रोजीं सातपुड्यांत मोठा भूकंप झाला. २२ मे १९९७ रोजीं पहांटे चारनंतर जबलपूर हादरलें व चाळिसाच्या आसपास माणसें मेलीं. आणि जबलपूर म्हणजे येथून मोटारीनें अर्ध्या दिवसाची वाट. एवढ्यावरून वाचकांनीं भयभीत व्हावें असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं. घराची पाहणी मात्र करावी. भूकंप एखाद्या पिढींत येईल वा न येईल. ऊन दर वर्षीं येतें. आणि जी भिंत उन्हानें, पाण्यानें व अडाणी डागडुजीनें आंतून सुटी होऊन बसली आहे, तीच हादऱ्यांत आधीं जाते.

किल्लारीच्या भिंती कांहीं पातळ नव्हत्या. दोन-अडीच फूट जाडीच्या त्या दगडी भिंती पाहून कोणासही घर भक्कमच वाटावें. पण ती जाडी एका भिंतीची नव्हती. बाहेरचा एक पदर, आंतला एक पदर आणि मध्यें मातीगोटे, अशी ती रचना होती. दोन्ही पदरांस सांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे. वर माळवदाची माती, तीही फूट-दोन फूट, कारण गळती लागली कीं जुन्या थरावर नवा थर चढे. हादरा बसतांच दोन पदर फांकले आणि तो सारा भार निजलेल्यांवर आला. उलट जेथें माळवद लांकडी खांब-तुळयांच्या खणांवर तोललेलें होतें, अशा कित्येक घरांच्या भिंती पडल्या तरी डोक्यावरचें छप्पर उभें राहिलें.

महालाकडील जुन्या वाड्यांत असे सागवानी खांब अद्याप आढळतात. बैठक ऐसपैस दिसावी म्हणून ते काढण्याची हौस घरांतील तरुण मंडळींस झाल्यास वडीलधाऱ्यांनीं अवश्य आडवें यावें. धंतोली-धरमपेठेंतील जुने बंगले पुढच्या काळचे. तेथें भार विटांच्या भिंतींवर आहे, त्यामुळें सारी मदार भिंतींच्या सांध्यांवर.

या सांध्यांवरच ऊन काम करतें. कवेलू उतरवून वर स्लॅब टाकण्याची चाल आतां सर्वत्र पडली आहे. वानरांच्या धुडगुसानें दर वर्षीं कवेलू फेरण्याची पाळी ज्यांवर आली, त्यांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु चार इंची स्लॅबचें वजन दर चौरस मीटरास सुमारें अडीचशे किलो भरतें. वैशाखांत दुपारीं त्याचा पृष्ठभाग पहांटेपेक्षां तीस अंशांनीं सहज अधिक तापतो, आणि तीस फूट लांबीचा स्लॅब एवढ्या उष्णतेनें जवळजवळ तीन मिलिमीटर वाढतो. खालची भिंत त्या मानानें सावलींत असते. शिवाय विटेचें प्रसरण काँक्रीटच्या निम्म्याच्या आसपासच. रात्रीं स्लॅब पुन्हां आकसतो. अशी ओढाताण वर्षानुवर्षें चालली म्हणजे स्लॅबखालीं आडवी भेग दिसूं लागते व कोपऱ्यांत दोन भिंती एकमेकींस सोडूं लागतात. गच्चीवर उन्हाळ्यापूर्वीं पांढऱ्या चुन्याचा हात दिल्यास ताप पुष्कळ कमी होतो, आणि हा खर्च फार नाहीं. गच्चीवरील पाण्याची हजार लिटरची टांकी म्हणजे एक टन वजन; ती कोणत्या भिंतीवर ठेविली आहे तेंही एकदां वर जाऊन पाहावें.

खालून काळी जमीन हेंच करते. श्रावणांत ती फुगते आणि चैत्रांत हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर उथळ पाया घालून बांधलेलें घर वर्षांतून एकदां उठतें व बसतें म्हटलें तरी चालेल.

आणि मग कूलर. त्यावांचून नागपुरांत उन्हाळा काढणें कठीण, हें आम्हांस मान्य आहे. तान्हें मूल किंवा आजारी माणूस घरांत असल्यास तो प्राणरक्षकच होय. पण होळीनंतर खिडकींत बसविलेला कूलर पाऊस स्थिरावेपर्यंत हलत नाहीं, आणि तोंवर त्याचें पाणी भिंतीवरून ओघळत राहतें. मातींत किंवा चुन्यांत रचलेल्या विटा तें पितात. पाणी आटतांना क्षार मागें ठेवतें, भिंतीस लोणा धरतो, आणि विटेचा चुरा होऊन केरसुणीबरोबर रोज थोडाथोडा बाहेर जातो. याहून वाईट म्हणजे कूलर बसविण्यासाठीं पाडलेलें भगदाड. तें सोयीसाठीं कोपऱ्यालगत पाडतात आणि वर आधाराची पाटई घालीत नाहींत. जेथें दोन भिंतींनीं एकमेकींस धरून ठेवावयाचें, नेमकी तेथलीच पकड आपण सोडवितों. कूलर भिंतीपासून सुटा, लोखंडी घोडीवर ठेवावा; गळतें पाणी नळीनें झाडांकडे न्यावें, पायाशीं मुरूं देऊं नये. भोंक पाडणें अपरिहार्यच असेल तर तें कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर असावें, व पाटई घातल्याशिवाय पाडूंच नये.

आतां डागडुजी. गवंड्यास बोलावलें कीं तो भिंतीवर हात फिरवून म्हणतो, सिमेंटचा गिलावा चढवूं, पन्नास वर्षें पाहणें नाहीं. पहिल्या दिवाळीस भिंत खरोखर सुंदर दिसते. परंतु जुनी वीट मऊ, तिच्यामधला चुना व सुरखी त्याहून मऊ, आणि वर कठीण, पाणी न सोडणारें कवच. आंत शिरलेली ओल बाहेर पडण्यास वाट राहत नाहीं. ती वर चढते किंवा गिलाव्यामागें साठते. कांहीं वर्षांनीं गिलावा थापीसारखा सुटतो तेव्हां त्याच्याबरोबर विटेचें तोंडही निघून येतें. चुन्याचें तसें नाहीं. तो ओल बाहेर सोडतो, भिंतीबरोबर किंचित् हलतो, आणि केसाएवढी भेग पडलीच तर पाण्यांत विरघळलेला चुना तींत पुन्हां जमून ती कांहीं अंशीं बुजवितो. म्हणून चुन्याच्या भिंतीच्या दरजा चुन्यानेंच भराव्या. जुना भुसभुशीत मसाला इंचभर खोल खरवडून काढावा, धूळ झाडावी, विटा भिजवाव्या, आणि वाळू व सुरखी मिसळून चांगला मळलेला चुना दाबून बसवावा. जुन्या काळीं मसाला बैलांच्या घाणींत दळीत व त्यांत गूळ, बेलफळ किंवा मेथीचें पाणी घालीत. घाणी नसली तरी चुना पुरेसा विरलेला व मसाला एकजीव झालेला असला पाहिजे. गूळ नसला तरी चालेल.

गवंड्यास बोलावण्यापूर्वीं मात्र भेगा वाचाव्या. खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरपी निघून पावसाळ्यांत मिटणारी व उन्हाळ्यांत उघडणारी भेग काळ्या जमिनीची समजावी. तिच्यावर कांचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहून ठेवावी. कांच फुटली तर भेग अजून जिवंत आहे, आणि जिवंत भेगेवर गिलावा करणें म्हणजे पैसा वाया. दोन भिंतींच्या कोपऱ्यांतील उभी भेग अधिक वाईट, कारण हादऱ्यांत सुटी भिंत बाहेर कलंडते. भिंतीस पोट आलें असेल तर सर्वांत वाईट. तेथें दोन पदर फांकूं लागले आहेत. हीं शेवटचीं दोन लक्षणें दिसल्यास इंजिनियरास दाखवावें. नागपुरांत १९६० पासून विश्वेश्वरय्यांच्या नांवाचें अभियांत्रिकी विद्यालय आहे. जाणता मनुष्य मिळणें अवघड नाहीं.

इंजिनियर बहुधा दोन गोष्टी सांगेल. पदर सांधावयाचे ते आरपार बांधांनीं: कच्च्या दगडी भिंतींविषयीं १९९३ सालीं निघालेल्या भारतीय मानकांत उंचींत दर दोन फुटांस व लांबींत दर चार फुटांस एक असा आरपार दगड सांगितला होता. उभ्या भिंतींत तो मागाहून घालावयाचा तर दोन्हीं बाजूंनीं एकेक दगड हळूच काढून आरपार भोंक करतात, त्यांत दोन्हीं टोंकें वळविलेली सळई ठेवतात व काँक्रीट भरतात. किल्लारीनंतर त्या भागांतील घरें याच रीतीनें बळकट केलीं गेलीं. दुसरी गोष्ट म्हणजे पट्टा. दारांखिडक्यांच्या वर व छपराखालीं, सर्व भिंतींवरून कोपरे वळून जाणारा जाळीचा पट्टा, भिंत खरवडून व खिळवून त्यावर सिमेंटचा गिलावा. येथें सिमेंट योग्यच आहे, कारण तो भिंतीचा पोषाख नव्हे, कमरबंद आहे. भिंतीचा बाकीचा भाग चुन्याचा राहून श्वास घेऊं शकतो. पट्टा कोपऱ्यावर तोडून पुन्हां सुरू केलेला असेल तर तो नसल्यासारखाच, तेव्हां कोपरे गिलावा करण्यापूर्वीं स्वतः पाहावे.

काम दसऱ्यानंतर काढावें व माघांत संपवावें. नवतप्यांत केलेला गिलावा, मग तो चुन्याचा असो कीं सिमेंटचा, धरण्याआधींच वाळतो. आणि आषाढांत ओला चुना सरी धुऊन नेतात. हिंवाळ्यांतही दुपारचें ऊन भिंतीवर येतेंच, म्हणून ओलें गोणपाट लावून पट्ट्यावर निदान दहा दिवस व चुन्यावर त्याहून अधिक ओल टिकवावी लागते. गवंडी सायंकाळीं घरीं जातो, रविवारीं येत नाहीं. त्या वेळचें पाणी कोणीं मारावयाचें तें घरांत आधींच ठरवून ठेवावें, आणि मजुरीचा शेवटचा हप्ता गोणपाट उतरल्यावर द्यावा.